मोटारगाडीच्या फ्यूजपेटींतून जादा जोडणी घेतांना

आमच्या भागांत बैलगाडीची जागा लहान मालवाहू मोटारीनें घेतली, त्यास आतां पुष्कळ वर्षें झालीं. कांदा, टोमॅटो व द्राक्षें बाजारास न्यावयाचीं, खतांच्या गोण्या आणावयाच्या, घरांतील आजारी माणसास तालुक्याच्या गांवीं पोहोंचवावयाचें, हीं सर्व कामें एकच गाडी करते. अशा गाडींत कारखान्यानें न दिलेलीं कांहीं उपकरणें आपण मागाहून बसवून घेतों. रस्त्यावरील घडामोडी टिपणारा कॅमेरा, मोबाईल चार्ज करण्याचें सॉकेट, गाडी कोठें आहे हें कळविणारें जीपीएस यंत्र, रात्रीं माल भरण्यासाठीं हौद्यांत एखादा दिवा, हीं त्यांतील नेहमींचीं. तीं उपयोगाचीं आहेत यांत शंका नाहीं. अपघात झाल्यावर चूक कोणाची, हा वाद कॅमेऱ्यामुळें जागच्या जागीं मिटल्याचें मीं स्वतः पाहिलें आहे. प्रश्न आहे तो हीं उपकरणें गाडीच्या विजेस जोडावयाचीं कशीं हा. हा लेख लिहिण्यास कारण झालेली चूक माझ्याच गाडींत व माझ्याच हुकुमावरून झालेली असल्यामुळें ती प्रथम सांगतों.

सन २०२२ च्या एप्रिलांत, उन्हाळ कांदा निघण्याच्या ऐन दिवसांत, पुतण्यानें शहरांतील एका दुकानीं कॅमेरा, दोन मोबाईलांचें चार्जर-सॉकेट आणि हौद्यांतील दिवा अशीं तीन उपकरणें बसवून आणलीं. काम अर्ध्या तासांत झालें व मजुरीही थोडकी पडली, म्हणून आम्ही संतुष्ट होतों. तिन्ही उपकरणांच्या तारा एकत्र पिळून रेडिओच्या एका तारेस जोडल्या होत्या व वर काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, हें आम्हांस ठाऊक नव्हतें. पुढें आठ दिवसांत रेडिओचा दहा अँपिअरचा लाल फ्यूज तीन वेळां गेला. पुतण्या म्हणाला, "काका, गाडी एकदां जाणत्या माणसास दाखवून आणूं." मीं सांगितलें, "इतक्याशासाठीं एक खेप कशास बुडवतोस? मोठा फ्यूज घाल." तीस वर्षें महसूल खात्यांत कारकुनी केलेली, मंजूर तरतूद कमी पडली तर ती वाढवून घ्यावयाची, ही तेथील संवय. तीच बुद्धि मीं येथें चालविली. पेटींत तीस अँपिअरचा हिरवा फ्यूज बसला आणि तक्रार मिटली.

ती मिटली नव्हती. त्याच आठवड्यांत आम्ही रात्रीं कांद्यानें भरलेली गाडी घेऊन लासलगांवच्या बाजाराकडे निघालों. हट्ट करून आलेला पुतण्याचा दहा वर्षांचा मुलगा आम्हां दोघांच्या मध्यें झोंपलेला होता. वाटेंत रबर जळाल्यासारखा वास येऊं लागला. प्रथम तो पुढच्या ट्रकचा असेल असें वाटलें. मग स्टिअरिंगच्या खालून धूर आला. पुतण्यानें गाडी कडेला घेतली, मीं मुलास उचलून खालीं उतरविलें, आणि पुतण्यानें बॉनेट उघडून पकडीनें बॅटरीची एक तार सोडविली. किल्ली बंद केल्यावरही धूर थांबला नव्हता कीं काय, हें आतां आठवत नाहीं. तार सुटल्यावर मात्र तो थांबला. सकाळीं पाहिलें तों हौद्याकडे जाणाऱ्या बारीक तारेचें वेष्टण हातभर वितळून गेलेलें, व पायाखालील गालिचा करपलेला. तार एका लोखंडी पट्टीच्या धारेवर घांसून उघडी पडली होती. हिरवा फ्यूज मात्र शाबूत होता.

तो शाबूत फ्यूज पाहून मी विचारांत पडलों. ज्यानें राखण करावयाची तो धडधाकट, आणि ज्याची राखण व्हावयाची तें जळालेलें, हें कसें? आमच्या शेजारच्या गांवीं मोटारींच्या विजेचें काम जन्मभर केलेले एक वृद्ध वायरमन राहतात. त्यांच्याकडे गेलों. त्यांनीं उलट मलाच विचारलें, "भाऊसाहेब, फ्यूज कोणाची राखण करतो?" मीं म्हणालों, "उपकरणाची." ते हंसले व म्हणाले, "उपकरण मेलें तर मेलें. फ्यूज तारेची राखण करतो."

हें एक वाक्य नीट समजलें म्हणजे पुढील सर्व नियम आपोआप उलगडतात, म्हणून त्याचा थोडा विस्तार करतों. पालखेडच्या कालव्यावरून आपल्या शेतास चारी निघते. चारीचें दार कोठें असतें? कालव्याच्या तोंडाशीं; शेताच्या बांधावर नव्हे. आणि तें दार किती उघडावयाचें, हें शेताच्या तहानेवरून नव्हे, तर चारी किती पाणी फुटल्याशिवाय वाहूं शकेल यावरून ठरतें. फ्यूज म्हणजे असें दार. तो तारेच्या तोंडाशीं, म्हणजे जेथून वीज घेतली तेथेंच पाहिजे, व त्याचा आंकडा त्या तारेला झेपेल एवढाच पाहिजे. माझ्या गाडींत बारीक तारेच्या चारीला तीस अँपिअरचें दार लावलें होतें. तार फुटली, दार उघडेंच राहिलें. शिवाय फ्यूज आपल्या आंकड्याहून थोडा अधिक प्रवाह आल्याबरोबर वितळतो, अशी समजूत असल्यास ती सोडावी. थोड्या जास्त प्रवाहास तो कांहीं मिनिटें देखील टिकतो. एकदम मोठा प्रवाह आला तरच तत्काळ जातो.

आतां हिशेब. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची असते. मोठ्या ट्रकांत व बसमध्यें २४ व्होल्ट असतात, तेव्हां उपकरण घेतांना त्यावरील आंकडा वाचावा. उपकरणावर वॅट लिहिलेले असतात. वॅटांस १२ नें भागिलें कीं अँपिअर निघतात. आमच्या हौद्यांतील दिवा जुन्या हॅलोजन जातीचा, ५५ वॅटचा होता, म्हणजे साडेचार अँपिअरहून अधिक. दोन मोबाईलांचें सॉकेट ३६ वॅटचें, म्हणजे तीन अँपिअर. कॅमेरा ५ वॅटचा, म्हणजे अर्ध्या अँपिअरहून कमी. ही बेरीज आठ अँपिअर झाली आणि त्याच फ्यूजवर मूळचा रेडिओही होता. दहाचा लाल फ्यूज गेला तो खोटेपणानें गेला नव्हता. तो आपलें काम करीत होता व आम्हांस तीन वेळां सांगत होता. पुढें आम्ही हॅलोजन काढून १८ वॅटचा एलईडी दिवा लावला. त्यास दीड अँपिअर लागतो आणि उजेड कमी पडत नाहीं. जादा उपकरण जोडण्यापूर्वीं तेंच काम कमी विजेंत होतें काय, हें आधीं पाहावें. बाहेरच्या बाजूस जादा दिवे लावावयाचे असतील तर त्यांची संख्या, रंग व जागा यांविषयीं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत निर्बंध आहेत, तेही पाहून घ्यावे.

फ्यूजचे रंग सर्व कंपन्यांच्या गाड्यांत बहुधा एकच असतात : फिकट बदामी ५ अँपिअर, तपकिरी साडेसात, लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा वा पारदर्शक २५ व हिरवा ३०. तारेच्या जाडीचा आंकडा तिच्या वेष्टणावर किंवा गुंडाळीवर चौरस मिलिमीटरांत असतो. मी आतां पाळतों तो अंदाज असा : अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तारेवर पांचाहून मोठा फ्यूज घालावयाचा नाहीं, एकच्या तारेवर दहाहून मोठा नाहीं, आणि लांब जाणारी तार असेल तर एक पायरी जाड घ्यावयाची. हा अंदाज सावधगिरीचा आहे हें मला माहीत आहे; चांगली मोटारीची तार याहून अधिक झेपवते. परंतु दुकानांत मिळणारी प्रत्येक तार चांगलीच असते असें नाहीं, आणि उन्हाळ्यांत बंद गाडीच्या आंत काय उकाडा होतो तें सांगावयास नको.

आतां जोडणीकडे वळूं. तारेस तार पिळून चिकटपट्टी लावणें हा प्रकार सर्वस्वीं वर्ज्य समजावा. त्याऐवजीं फ्यूजपेटींत बसणारी एक दुहेरी खोबण मिळते; बाजारांत तिला फ्यूज टॅप म्हणतात. जुना फ्यूज काढून त्याच्या जागीं ही खोबण बसवावयाची. तिच्यांत दोन फ्यूज बसतात : एक मूळच्या उपकरणाचा, दुसरा आपल्या नव्या उपकरणाचा. नव्या तारेला असा स्वतःचा फ्यूज मिळतो आणि तोही थेट तोंडाशींच. घेतेवेळीं आपल्या गाडींतील एक फ्यूज नमुन्यास खिशांत न्यावा. फ्यूज लहान, मध्यम, मोठे व आंखूड पायांचे अशा निरनिराळ्या मापांचे असतात, आणि जवळपास बसणारी खोबण दडपून बसविली तर पेटींतील चिमटे सैल होतात. सैल चिमटा तापतो, आणि ती पेटी बदलण्याचा खर्च मोठा असतो.

कोणत्या फ्यूजच्या जागीं ही खोबण बसवावी? गाडीच्या पुस्तिकेंत व पेटीच्या झांकणावर कोष्टक असतें, तें वाचावें. सिगारेट पेटविण्याच्या सॉकेटचा वा रेडिओचा फ्यूज या कामास योग्य. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा, इंजिनाचा संगणक, इंधनाचा पंप, स्टिअरिंग व पुढचे मोठे दिवे यांच्या फ्यूजांस हात लावूं नये. उपकरण बिघडलें तर मोबाईल चार्ज होणार नाहीं इतकेंच नुकसान व्हावें. ब्रेक वा एअरबॅग बंद पडूं नये. एअरबॅगच्या तारांचें वेष्टण वा टोकें बहुधा पिवळीं असतात. तेथें टेस्टर देखील लावूं नये.

पेटींतील कांहीं फ्यूजांत वीज सदैव असते, कांहींत किल्ली फिरविल्यावरच येते. सॉकेट व दिवा किल्लीबरोबर बंद व्हावेत हें बरें, म्हणून ते दुसऱ्या प्रकारच्या फ्यूजवर घ्यावेत. ओळखावयाचें कसें? येथें आपली एक नेहमींची चूक होते. घरांतील वा विहिरीवरील मोटारीचा तपास ज्या टेस्टरनें आपण करतों, त्यांतील दिवा १२ व्होल्टवर पेटतच नाहीं. तो लावून 'येथें वीज नाहीं' असें ठरविणारे लोक मीं पाहिले आहेत. मोटारीचा टेस्ट लॅम्प निराळा मिळतो, नाहीं तर मल्टिमीटर वापरावा. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या लोखंडास लावावयाचा, फ्यूज काढावयाचा, किल्ली फिरवावयाची आणि रिकाम्या दोन चिरांना टोंक लावून पाहावयाचें. ज्या चिरेंत दिवा लागतो ती बॅटरीकडील बाजू. दुसरी बाजू उपकरणाकडील. किल्ली बंद केल्यावर तोच दिवा विझला तर ती जागा किल्लीच्या ताब्यांतील आहे.

ही बॅटरीकडील बाजू लक्षांत ठेवणें अगत्याचें आहे. दुहेरी खोबणीचे दोन्ही फ्यूज ज्या पायाशीं एकत्र मिळतात, तो पाय बॅटरीकडील चिरेंत गेला पाहिजे. खोबण उलटी बसविली तरी सर्व कांहीं चालू होतें, आणि म्हणूनच चूक कळत नाहीं. परंतु मग नव्या उपकरणाचा भार जुन्या फ्यूजमधूनही जातो आणि जुना फ्यूज विनाकारण जातो. खोबणीच्या पुडक्यावर आकृति असते. शंका असल्यास तीच प्रमाण मानावी.

तपास झाल्यावरच बॅटरी सोडावी. प्रथम वजा खुणेची, बहुधा काळी तार सोडावयाची व परत जोडतांना तीच शेवटीं जोडावयाची. कारण साधें आहे : अधिक खुणेची तार सोडवितांना पाना गाडीच्या लोखंडास टेकला तर सर्व बॅटरी त्या पान्यांतून वाहते, वजा तार आधीं सुटलेली असेल तर कांहीं होत नाहीं. तार सोडल्यावर कांहीं मिनिटें थांबून मग कामास लागावें, कारण एअरबॅगच्या यंत्रांत थोडा वेळ वीज सांठून राहते.

उपकरणाची वजा तार गाडीच्या अंगास जोडावयाची असते. ती रंगावर किंवा प्लास्टिकवर बसवून उपयोग नाहीं. धातूच्या बोल्टखालील रंग खरडून, तारेच्या टोंकास गोल लग दाबून, बोल्ट घट्ट आंवळावा. सीटच्या पट्ट्याचा वा एअरबॅगचा बोल्ट यासाठीं घेऊं नये. दिवा मंद जळणें वा कॅमेरा मधूनच बंद पडणें, या तक्रारींचें मूळ पुष्कळदां या एका सैल बोल्टांत असतें. लग दाबण्याची पक्कड वेगळी मिळते; साध्या पकडीनें दाबलेला लग धक्क्यांनीं सुटतो.

तार नेण्याच्या वाटेविषयीं मी थोडें अधिक लिहितों, कारण आमची तार जळाली ती वाटेमुळें. लोखंडी पत्र्याच्या भोंकांतून तार न्यावयाची तर त्या भोंकांत रबरी कडें पाहिजेच. धारेवर टेकणारी तार आज ना उद्यां उघडी पडते. तारेवर प्लास्टिकची वळकट्यांची नळी घालावी, दर वीतभर अंतरावर बांधपट्टी द्यावी, ब्रेकच्या पायाखालीं कांहीं लोंबतें ठेवूं नये. कॅमेऱ्याची तार कांचेच्या बाजूच्या खांबांतून खालीं येते. त्या खांबांत कांहीं गाड्यांना एअरबॅग असते. तार त्या पिशवीच्या मागून न्यावी, पुढून आडवी नेऊं नये; नाहीं तर पिशवी उघडतांना अडेल किंवा तार तोंडावर आपटेल. असलें काम ज्यास कळतें त्याच्याकडूनच करवावें.

कॅमेऱ्याची आणखी एक बाब आहे. गाडी उभी असतांनाही तो चालूं राहावा असें कित्येकांस वाटतें, आणि त्यासाठीं सदैव वीज असलेला फ्यूज घेतात. असा कॅमेरा ०.३ अँपिअर घेत असला तर दिवसरात्रींत सात अँपिअर-तासांहून थोडें अधिक खातो. तीन दिवसांत एकवीस-बावीस. बॅटरी ४५ अँपिअर-तासांची असली तर अर्धी गेली, आणि ती जुनी असेल तर चौथ्या दिवशीं गाडी सुरू होत नाहीं. आमच्याच वाड्यांत एकाची गाडी लग्नसराईंत चार दिवस उभी राहिली व ऐन वेळीं, घरांत बाळंतपणाची घाई असतां, दुसऱ्याच्या दारीं पळावें लागलें. यावर उपाय आहे. कॅमेऱ्यासाठीं मिळणाऱ्या जोडसंचांत बॅटरीचा दाब ठराविक आंकड्याखालीं गेला कीं वीज तोडण्याची सोय असते. पूर्ण भरलेली, विसांवलेली बॅटरी सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते; १२.२ म्हणजे सुमारें निम्मी. तोडण्याचा आंकडा ११.८ वर ठेवण्याची मुभा असली तरी शेतकऱ्यानें १२.२ च्या आसपास ठेवावा, कारण आपली गाडी रोज चालेलच असें नाहीं.

मोठा भार असेल, उदाहरणार्थ हवा भरण्याचा पंप, तर फ्यूजपेटींतून वीज घेऊंच नये. ती थेट बॅटरीवरून जाड तारेनें घ्यावी, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंत फ्यूज घालावा आणि मध्यें रिले बसवावा. रिलेवर ३०, ८७, ८५ व ८६ असे आंकडे असतात : ३० वर बॅटरीची तार, ८७ वर उपकरण, व ८५-८६ मध्यें बारीक तारेनें बटण. बटणाच्या तारेंतून मग अल्प प्रवाह जातो, भार रिले वाहतो. विजेवर चालणाऱ्या नव्या गाड्या ज्यांच्याकडे आल्या असतील त्यांनीं इतकें ध्यानांत ठेवावें कीं, नारिंगी वेष्टणाच्या तारा प्राणघातक दाबाच्या असतात. तेथें आपलें काम नाहीं.

नवी गाडी वॉरंटींत असेल तर काम करण्यापूर्वीं पुस्तिकेंतील अटी वाचाव्या, व जोडणीची पावती जपून ठेवावी. आग लागल्यास विमा कंपनी मागाहून केलेल्या जोडणीविषयीं विचारणा करूं शकते. कागद नसला म्हणजे खरें बोलणाराही लटका पडतो, हा माझा जुन्या दफ्तरांतील अनुभव.

काम पुरें झाल्यावर सर्व उपकरणें एकदम चालू करून पाव तास इंजिन चालवावें आणि तारेवर व खोबणीवर हात ठेवून पाहावा. हातास ऊन लागलें तर जोडणी चुकली आहे. फ्यूज गेल्यास त्याच आंकड्याचा दुसरा एकदांच घालावा. तोही गेला तर तार तपासावी. फ्यूजच्या जागीं तार किंवा पाकिटाची चांदी गुंडाळणारे अजून भेटतात, त्यांस काय म्हणावें!

आमची गाडी त्या वृद्ध गृहस्थांनीं दोन दिवसांत पुनः जोडून दिली. फ्यूजपेटीच्या झांकणांत आंतून मीं एक कागद चिकटविला आहे. त्यावर नवी तार कोणती, फ्यूज कितीचा, कोणत्या वाटेनें गेली, असा उतारा माझ्या हातचा आहे. जवळच एका डबींत पांच व दहाचे जादा फ्यूज आणि ते उपसण्याचा चिमटा ठेवला आहे. सन २०२४ च्या पावसाळ्यांत गाडी आठ दिवस खळ्यावर उभी होती; सुरू केली तों हौद्यांतील दिवा लागेना. पाहतों तों दिव्याचा पांचाचा फ्यूज गेलेला. पुतण्यानें आधीं तार माग काढीत पाहिली, तर हौद्याखालीं उंदरानें नळी व वेष्टण कुरतडून तांबें उघडें केलें होतें. तेवढा तुकडा बदलला, पांचाचाच नवा फ्यूज घातला, आणि पहांटे गाडी बाजारास गेली.